वीज आधी घाटावर, मग महाराजांच्या चेहऱ्यावर

आषाढी एकादशीच्या विशेष कार्यक्रमासाठी गोरेगावच्या एका स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर पंढरपूर उभं करायचं होतं. खरी माणसं मोजून सहा: निवेदिका, कीर्तनकार महाराज आणि मागे चार टाळकरी. चंद्रभागा, घाट, वाळवंट, पुंडलिकाचं देऊळ, आभाळ हे सगळं अनरियल इंजिनात, म्हणजे गेमसारखी दृश्यं जागच्या जागी रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. सहा मिनिटांच्या एका भागात पहाटेच्या निळ्या काळोखापासून ऊन वर येईपर्यंतचा वेळ दाखवायचा होता, तोही थेट प्रक्षेपणात. त्यात दिग्दर्शक मॅडमची एक जास्तीची मागणी: "आषाढ आहे, वीज चमकलीच पाहिजे."

माझ्या कामाला अजून धड नाव नाही. लाइटदादांच्या लेखी मी ग्राफिक्सवाला आणि ग्राफिक्सवाल्यांच्या लेखी लाइटवाला. इंजिनातला सूर्य आणि ग्रिडवरचा (स्टुडिओच्या छताखालच्या जाळीवरचा) दिवा एकाच वेळी, एकाच रंगाने, एकाच बाजूने लागायला हवेत, एवढी माझी जबाबदारी. हाताशी पाच दिवस होते. त्यातला पहिला तर काहीही न जुळवता कसं दिसतं ते बघण्यातच गेला.

दिसत होतं ते असं. पार्श्वभूमीला निळसर पहाट, आणि महाराज मात्र ५६०० केल्विनच्या लख्ख दुपारी उभे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड तांबडा). मासिकातलं चित्र कापून दुसऱ्या चित्रावर चिकटवावं तसे. पोरांनी कीअरची, म्हणजे हिरवा रंग काढून माणूस कापून घेणाऱ्या यंत्रणेची (त्या कापण्याला म्हणतात 'की'), कड मऊ करून पाहिली, खाली सावली टाकून पाहिली. कड मुळात बिघडलेलीच नव्हती. चेहऱ्यावरचा उजेड त्या जागेचा नव्हता, आणि प्रेक्षकाला ते कारण न कळताही खटकतं.

सूर्य कोणत्या बाजूला

पंढरपुरात भीमा गावाच्या पूर्वेकडून चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती तिथे चंद्रभागा. घाटावर उभं राहून पात्राकडे पाहिलं की समोर पूर्व. आमचा कॅमेरा तसाच लावला होता, म्हणजे सूर्य महाराजांच्या पाठीमागून उगवणार. दादांनी सवयीप्रमाणे बॅकलाइट बरोबर मधोमध टांगला होता.

पण सेट रचणाऱ्या मुलीने इंजिनातला सूर्य तारीख आणि अक्षांश-रेखांश घालून बसवला होता. आषाढात पंढरपूरच्या अक्षांशावर सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, जवळजवळ २४ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. पूर्वेकडे तोंड केलं की उत्तर डाव्या हाताला. म्हणजे इंजिनात ऊन डावीकडून मागून येत होतं आणि आमच्याकडे थेट टाळूवरून. दिवा सरकवायला दहा मिनिटं लागली. त्याआधी स्टुडिओतली पूर्व कोणती हे ठरवायलाच अर्धा तास गेला, कारण कॅमेऱ्याचं ट्रॅकिंग (कॅमेरा कुठे आहे ते इंजिनाला कळवणारी यंत्रणा) ज्या बिंदूपासून मोजत होतं तो एक, आणि दादांनी खडूने फुली मारली होती तो दुसराच. शेवटी फरशीवर गॅफर टेपचा मोठा बाण चिकटवला आणि त्यावर 'नदी' लिहिलं. पुढचे चार दिवस सगळे त्याच भाषेत बोलत होते: "दादा, तो पॅनेल नदीकडे ढकला."

उंचीत मात्र तडजोड करावी लागली. क्षितिजावरचा सूर्य खरा दाखवायचा तर दिवा माणसाच्या डोक्याएवढा खाली हवा, आणि तिथे ठेवला की तो चौकटीत येतो. म्हणून आम्ही सूर्यालाच वर ढकललं. भाग संपताना तो क्षितिजापासून बारा अंश वर असेल असं ठरलं. खऱ्या पंढरपुरात एवढं वर यायला त्याला जवळपास तास लागतो, आम्ही सहा मिनिटं दिली. दिवा डाव्या कडेला, चौकटीच्या जेमतेम बाहेर, स्टँडवर आला, आणि खांद्यावर जी सोनेरी कड उमटली ती पाहून दादा पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले.

रंग जुळवायला आमची पद्धत अगदी घरगुती आहे. निवेदिका जिथे उभी राहणार तिथे १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड धरायचं आणि शेजारी कँटीनमधली स्टीलची वाटी पालथी. बाहेर क्रोमचा गोळा वापरतात, वाटीतही तेच दिसतं: कुठला दिवा कुठून, किती मोठा, कोणत्या रंगाचा. तसंच कार्ड आणि तशीच वाटी इंजिनातल्या घाटावर ठेवायची, दोन्ही एकाच चौकटीत आणायच्या आणि वेव्हफॉर्म-व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे चित्राचा उजेड आणि रंग मोजणाऱ्या आलेखांवर, बघायचं. डोळ्यावर विसंबायचं नाही, कारण पाच मिनिटं निळ्यात बसलं की डोळा त्यालाच पांढरं समजायला लागतो. आमचे जुने दोन-रंगी पॅनेल २७०० केल्विनच्या खाली जात नव्हते, आणि उगवता सूर्य त्याहून तांबडा असतो. बॅकलाइटसाठी लाल-हिरवा-निळा आणि दोन पांढरे असे पाच रंगांचे दिवे भाड्याने आणले.

काळोखाचं गणित

पहाट जुळवताना एक गोष्ट उलटी लागली. आम्हाला वाटलं, चेहऱ्यावरचे दिवे उतरवले की पहाट झाली. पण हिरव्या पडद्याचे दिवे उतरवता येत नाहीत, नाहीतर की तुटते. चेहरा तीन स्टॉप खाली नेल्यावर (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) स्टुडिओतला सगळ्यात मोठा दिवा कोणता उरला? तो पडदाच. महाराजांचा पांढरा सदरा, पांढरा फेटा, सगळ्यावर हिरवी झाक. चंद्रभागेत शेवाळ माजल्यासारखी.

मग माणसं पडद्यापासून चार मीटर पुढे आणली. पडद्याचे दिवे कीअर सहन करेल तिथपर्यंत खाली घेतले. चेहरा दोनच स्टॉप उतरवला आणि उरलेला काळोख कंपोझिटमध्ये, म्हणजे माणसं आणि पार्श्वभूमी एकत्र करताना, माणसांच्या थरावर चढवला, त्याच आकड्याने जो सूर्याला चालवत होता. म्हणजे पहाट अर्धी खरी आणि अर्धी खोटी. हे कुणी कागदावर लिहून देत नाही, पण हिरव्या पडद्यावर रात्र दाखवणारा प्रत्येक जण यातच कुठेतरी तडजोड करतो. उलट टोकाला, सूर्य वर आल्यावर सोनेरी दिवा पडद्यावर सांडत होता. तो दादांनी दोन कटर लावून अडवला, मला काही करावं लागलं नाही.

टाळकऱ्यांचे पितळी टाळ हिरवं प्रतिबिंब घेऊन कीमध्ये चक्क भोकं पाडत होते. त्यांवर टाल्कम पावडरचा हात फिरवला. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी बाईही ठरली होती. पहिल्याच चाचणीत तुळस अदृश्य झाली आणि नुसती कुंडी तरंगत राहिली. ती कल्पना तिथेच संपली.

दिव्याचे दोन मालक

इंजिनातून दिव्यापर्यंत हुकूम जातो तो डीएमएक्सने. ही पद्धत १९८६ सालची, रंगमंचाच्या दिव्यांसाठी केलेली: एका युनिव्हर्समध्ये ५१२ चॅनेल, प्रत्येकावर ० ते २५५ यांतला एक आकडा. आता ते आकडे नेटवर्कवरून आर्ट-नेट किंवा एसएसीएन या पद्धतीने नोड नावाच्या पेटीपर्यंत जातात आणि तिथून पुढे केबलने दिव्याला. अनरियलमध्ये त्यासाठी प्लगइन आहे. कोणता दिवा कोणत्या पत्त्यावर हे लिहून ठेवलं की सूर्याची तीव्रता आणि रंग थेट दिव्याला पाठवता येतात.

पहिल्यांदा काहीच लागेना. कारण सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे त्यात पडतात: आर्ट-नेटवर युनिव्हर्स शून्यापासून मोजायची रीत आहे आणि एसएसीएनवर एकापासून. आमचा नोड एकाची भाषा बोलत होता आणि माझी फाइल दुसऱ्याची. सगळं एका घराने सरकलेलं.

ते सरळ झाल्यावर दिवे फडफडायला लागले. लाइटिंग कन्सोलही त्याच युनिव्हर्सवर आकडे पाठवत होता आणि इंजिनही. दादांनी फेडर वर केला की इंजिन खाली ओढणार. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "लाइव्हला तुमचं कॉम्प्युटर लटकलं तर अंधारात महाराजांना मी बघू का?" रास्त होतं. एसएसीएनमध्ये प्रत्येक पाठवणाऱ्याला प्राधान्याचा आकडा देता येतो, ० ते २००, आणि काही ठरवलं नाही तर १००. इंजिन १०० वर ठेवलं. कन्सोलला १५०, पण तो पाठवणार फक्त दादांनी एक ठरावीक बटण दाबलं की. बटण दाबलं की दिवे त्यांचे, सोडलं की इंजिनाचे. त्या बटणावर त्यांनी स्वतः लाल टेप लावली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात कामाचा निर्णय होता, आणि तो तांत्रिक नव्हता.

सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, मधलं चुकलेलं

तिसऱ्या दिवशी पूर्ण सूर्योदय चालवून पाहिला. काळोख जुळला, लख्ख ऊन जुळलं. मध्ये मात्र महाराज घाटापेक्षा काळवंडलेले. वाटीत बघितलं तर बरोबर एक स्टॉप कमी.

इंजिन उजेडाचा हिशेब सरळ रेषेत करतं: ५० टक्के म्हणजे निम्मा उजेड. आमच्या दिव्यांचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारा भाग) वर्गाच्या वक्राने लावलेला होता. डोळ्याला उतार-चढाव सम वाटावा म्हणून तसा ठेवतात. त्या वक्रावर ५० टक्क्यांचा आकडा दिला की उजेड निघतो २५ टक्के. शून्याला शून्य आणि शंभराला शंभर, म्हणून दोन टोकं तपासून आम्ही खूश होतो. दिव्यांचा मेनू सरळ रेषेवर आणता आला असता, पण मग त्या दिव्यांचा खालचा टोकाचा उतार खडबडीत होत होता. त्याऐवजी इंजिनातून जाणाऱ्या आकड्याचं वर्गमूळ काढून पाठवलं. निम्मा उजेड हवा तर ५० नाही, ७१ टक्के.

त्याच चाचणीत दुसरी खोडी सापडली. पहाटेच्या पहिल्या दीड मिनिटात उजेड पहिल्या दहा टक्क्यांतच हळूहळू चढतो. एका चॅनेलवर या दहा टक्क्यांत जेमतेम पंचवीस पायऱ्या, म्हणजे साधारण साडेतीन सेकंदांनी एक. महाराजांच्या गालावर प्रत्येक पायरी दिसत होती, कोणीतरी हळूच बटण फिरवतंय तशी. दिवे सोळा-बिट मोडवर टाकले, प्रत्येक गुणासाठी दोन चॅनेल, पायऱ्या ६५,५३६. खोडी गेली. पत्ते मात्र सगळे पुन्हा लिहावे लागले, रात्री दीड वाजता.

काकांचा आयरिस

चौथ्या दिवशी सगळं बरोबर असूनही जुळत नव्हतं. तासभर मी इंजिन तपासलं, नोड तपासला, केबल बदलली. मग सहज पीसीआरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, गेलो. सीसीयूवर, कॅमेऱ्यांचा उजेड-रंग सांभाळायच्या पॅनेलवर, काका बसले होते, चॅनेलचे जुने व्हिजन इंजिनिअर. दिवे उतरायला लागले की त्यांचा हात अलगद आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, उघडत होता. दिवे सोनेरी झाले की दुसरा हात लाल कमी करत होता. चेहरा वेव्हफॉर्मवर ठरलेल्या पातळीत ठेवायचा, हेच काम ते आयुष्यभर करत आले होते, आणि सुंदर करत होते. आम्ही अर्ध्या तासात रचलेली पहाट ते वीस सेकंदांत पुसून टाकत होते.

"काका, हे तुम्ही सांभाळताय?"

"मग? लेव्हल पडतेय ना. दिवे कोण खाली घेतंय ते बघा आधी."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ही चूक माझी. आयरिस आणि व्हाइट बॅलन्स ५६०० वर कायम ठेवायचं ठरलं, पण काकांनी एक अट घातली: काही बिनसलं तर अर्धा स्टॉप त्यांच्या हातात हवा. दिला. फक्त त्यांनी आयरिस हलवला की तेवढाच आकडा ते हेडसेटवर सांगणार आणि मी इंजिनातल्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर तेवढंच हलवणार. तोवर मी दिवे आणि सूर्य यांना एकमेकांशी बांधत बसलो होतो. बांधायचं होतं ते दोघांनाही लेन्सशी, आणि ती लेन्स काकांच्या बोटाखाली होती. हे नीट डोक्यात बसलं म्हणूनच पुढचा विजेचा गुंता सुटला.

वीज

सूर्योदय हळू असतो, त्यात पाव सेकंद इकडेतिकडे कुणाला दिसत नाही. वीज दिसते.

पहिल्यांदा क्यू (इशारा) दिला तेव्हा आभाळ चमकलं, घाट उजळला, पुंडलिकाच्या देवळाचा कळस लखलखला, आणि मग, एक श्वास घेतल्यावर, महाराज चमकले. मॅडम म्हणाल्या, "उजेड आधी आणि आवाज नंतर हे शाळेत शिकलेय मी. उजेड दोनदा हे नवीन आहे."

किती उशीर ते मोजलं. क्यू एकच, त्याने इंजिनातली वीज आणि ग्रिडवरचा दिवा दोन्ही पेटवायचे, प्रोग्रॅम आउटपुट रेकॉर्ड करायचं आणि एडिटवर फ्रेम मोजायच्या. आपलं प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचं, एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. फरक आला पाच फ्रेम. दोनशे मिलिसेकंद.

हे कुठून येतात ते पाहण्यासारखं आहे. कॅमेऱ्याचं चित्र इंजिनात शिरायला, ट्रॅकिंगच्या आकड्यांशी जुळायला आणि की होऊन मिसळायला आमच्याकडे तीन फ्रेम लागत होत्या. म्हणजे इंजिन ज्या क्षणी वीज रंगवतं, त्या क्षणी त्याच्या हातात महाराजांचं चित्र तीन फ्रेम जुनं असतं. हा झाला १२० मिलिसेकंदांचा उशीर, आणि तोवर दिव्याचा संबंधही आला नाही. त्यात डीएमएक्सची भर: ५१२ चॅनेलचं एक पूर्ण पाकीट केबलवरून जायला सुमारे २३ मिलिसेकंद, म्हणून सेकंदाला फार तर ४४ पाकिटं. उरलेलं दिव्याच्या पोटात.

पोटातलं सोपं निघालं. या दिव्यांच्या मेनूमध्ये प्रतिसाद मऊ करायची 'स्मूथ' नावाची सोय असते. जुना टंगस्टनचा बल्ब जसा रेंगाळत विझायचा तसं वागण्यासाठी. दुकानातून दिवे आले तेव्हा ती चालू होती. बंद केली आणि एक फ्रेम वाचली. उरल्या चार.

चार फ्रेम वाचवता येत नव्हत्या. इंजिन वेगवान करून, केबल आखूड करून काही होणार नव्हतं, कारण त्यातला मोठा हिस्सा मुळात कॅमेऱ्याचा होता. पहिला विचार सगळ्यांच्या मनात आला तोच चुकीचा होता: दिवा लवकर पेटवा. लाइव्हमध्ये ऑपरेटर महाराजांच्या शब्दावर बटण दाबणार, त्याच्या आधी कसं पेटवणार? म्हणून उलट केलं. बटण दाबताच हुकूम दिव्याला लगेच सोडायचा, आणि त्याच हुकुमाची एक प्रत इंजिनात चार फ्रेम धरून ठेवून मग आभाळाला द्यायची. मागे पडलेल्याला पुढे ओढता येत नाही म्हणून पुढच्याला थांबवलं. पंधरा ओळींचं काम.

आता वीज दोघांवर एकदम पडत होती, पण दर वेळी नाही. कधी तंतोतंत, कधी अर्धी फ्रेम अलीकडे-पलीकडे. डीएमएक्सची ४४ची चाल आणि कॅमेऱ्याची सेकंदाला ५० फील्डची (एका फ्रेमचे दोन अर्धे) चाल एकमेकांना ओळखत नाहीत. कॅमेरे, इंजिन, स्विचर सगळे जेनलॉकने एका ठेक्यात, दिवे मात्र आपल्याच तालात. टाळकऱ्यांमध्ये एक जण नवखा असला की होतं तसं. शिवाय सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. दिवा मध्येच पेटला की फ्रेमचा खालचा भाग उजळ आणि वरचा काळा: महाराजांचं उपरणं चमकलेलं आणि फेटा अंधारात.

ही शेवटची अर्धी फ्रेम घालवता आली नाही, ती लपवली. विजेचा पहिला फटका एका फ्रेमचा होता तो तीन फ्रेमचा केला, आणि विझताना सरळ न तोडता दोन-तीन थरथरीत उतरवला. खरी वीजही एकदाच चमकत नाही, एकाच वाटेने अनेक झटके खाली येतात म्हणून ती थरथरते. त्या थरथरीत अर्धी फ्रेम हरवून गेली. मॅडमना तर ही वीज आधीच्या तंतोतंत विजेपेक्षाही आवडली.

प्रक्षेपणाच्या दिवशी

चार विजा ठरल्या होत्या. तीन बरोबर पडल्या. दुसऱ्या विजेला टाळकऱ्यांतल्या एकाने दचकून वर, थेट दिव्याकडे पाहिलं आणि तो क्षण मला आमच्या सगळ्या मेहनतीपेक्षा जास्त खरा वाटला. स्टुडिओत मागे फक्त हिरवा पडदा होता, पण त्याच्या चेहऱ्यावर खरंच काहीतरी चमकलं होतं. चौथ्या विजेच्या आधी इंजिनाने दोन-तीन फ्रेम गाळल्या, दादांना वाटलं ते लटकलं, त्यांनी लाल बटण दाबलं. आभाळ चमकलं, महाराज नाही. तोवर ऊन वर आलं होतं, त्यामुळे बाहेर फार कोणाला कळलं नसावं. दादांनी बरोबरच केलं, ठरलं होतं तेच.

काकांनी त्यांचा अर्धा स्टॉप एकदाच वापरला, पहाटेच्या सुरुवातीला, आणि हेडसेटवर "पाव उघडला" म्हणाले. मी पाव दिला.

दोन महिन्यांनी त्याच स्टुडिओत गणपतीचा कार्यक्रम होता. तीच फाइल, तेच पत्ते, तोच चार फ्रेमचा थांबा. फटाक्यांच्या क्यूला आभाळ पुन्हा आधी, माणूस नंतर, बरोबर एका फ्रेमने. भाड्याचे दिवे परत गेले होते, त्यांच्या जागी तसेच दुसरे आले होते, आणि त्यांचा मेनू दुकानातून आला तसाच होता. आता नोडच्या पेटीवर एक पट्टी चिकटवली आहे, दादांच्या अक्षरात: 'लाइट आले की आधी स्मूथ बंद करणे.'